हिरव्या पट्टीचा शर्ट

भोर
३ ऑगस्ट

रत्ना,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, इन्स्टावरही केलंस. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र सारोळ्याच्या पत्त्यावर टाकतेय. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. सासूबाईंनी विचारलं तर सांग, मैत्रिणीनं ब्लाउजच्या गळ्यांची डिझाइनं पाठवलीत.

त्या दिवशी तू म्हणालीस, "माझ्या आयला चव्हाट्यावर मांडलंस गायत्रे, आणि वर गाणं लावलंस!" गाणं लावलं होतं, खरं आहे. बाकीचं मला सांगू तरी दे.

मी मुद्दाम काही केलेलं नाही. जुलैत सुट्टी काढून विंझरला गेले होते, लावणीचे दिवस होते. मला कसलं वेड आहे ते तुला नव्यानं सांगायला नको. इथं मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागं उभी राहून दिवसभर अस्तर, फॉल, ब्लाउजपीस जुळवून देते, आणि गिऱ्हाईक नसलं की दारावरून जाणाऱ्या बायका बघते. कुणी पदर कसा खोचलाय, कुणी स्वेटरवर गजरा माळलाय. लोकांना वाटतं फॅशन पुण्यात असते. डोंबलाची फॅशन! आपल्या बायका खाचरात उतरताना साडीवर गड्याचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला टॉवेल गुंडाळतात, त्याच्याइतकं झकास मी कुठल्या मासिकात बघितलेलं नाही. 'रोजचं नेसणं' हे माझं पेज मी त्याच्यासाठीच तर काढलंय.

फुलाकाकी तुमच्या बांधालगतच्या खाचरात उभ्या होत्या. बिस्किट रंगाचा शर्ट, मनगटाला गडद हिरवी पट्टी. एक बाही दुमडलेली, दुसरी सुटून पार बोटांवर आलेली. हातात रोपांची जुडी. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. मी मोबाईल काढला आणि टिपलं. पेजवर टाकताना मानेच्या वरचं सगळं कापलं. चेहराच नाही तर कोण बाई हे कुणाला कळणार, म्हणून विचारावंसंही वाटलं नाही. खाली लिहिलं, 'मापात न बसणारा शर्ट बाईला शोभतो तसा पुरुषाला नाही.' लोकांना आवडला गं. पुण्याच्या एका पेजनं तर न विचारता उचलून, वर स्वतःचं नाव छापून लावला. त्यांची मी तक्रार केली आणि वर लिहिलं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना लाज कशी वाटत नाही?

तो शर्ट आकाशचा होता हे मला कसं कळणार? तुझ्या भावाचे सगळे कपडे दहाव्याला गेनबातात्यांनी बापाच्या हातानं नदीला सोडले, गावानं बघितलंय. गेल्या माणसाचं कापड घरात ठेवायचं नसतं, त्याचा जीव त्यात घुटमळतो, हे मलाही माहीत आहे. पण काकींनी त्यातला एक मागं ठेवला असेल हे कुणाच्या मनात येईल? आणि लावणीत सगळ्याच बायांच्या अंगात गड्यांचे शर्ट असतात, कुणाचा कुणाचा कोण बघतंय, म्हणून तेवढ्या दिवसांत त्या तो उजळ माथ्यानं घालत असतील, हे तरी?

मार्गासनीच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी तात्यांपुढं मोबाईल धरला. "गेनबा, बग की, आपल्याकडचीच बाई दिसतीया." तात्यांनी बाई नाही बघितली, पट्टी बघितली. पुढचं मला आईनं सांगितलं. तात्या घरी आले, आवाज केला नाही, नुसता हात पुढं केला. काकींनी शर्ट अंगातून काढून दिला. तात्या तसेच नदीवर गेले.

मी पोस्ट त्याच दिवशी काढून टाकली. आता तूच सांग, ह्यात माझं किती चुकलं? चेहरा तर कापला होता ना मी.

तुझी,
गायत्री


विंझर
१७ ऑगस्ट

रत्ना,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे धरूनच चालले होते, तरी रोज मालकिणीला विचारत होते, पोस्टमन आला का म्हणून. ती म्हणते, "कोणाच्या पत्राची वाट बघतेयस गं, लग्न जमलं का?" म्हटलं, जमलेलं मोडलंय.

काल गावी आले. आईनं दारातच आरती ओवाळली. "आली का फोटूवाली! आता माजा काड एखादा, शेन सारवताना." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फुलाबाईच्या दारावरनं जाऊ नगंस. मागल्या वाटंनं जा." चंद्राबाईची मुलगी चोरासारखी मागल्या वाटेनं घरात शिरते, हे बघायला तू हवी होतीस. खूश झाली असतीस.

त्या वाटेवरून तुमचं खाचर दिसतं. काकी तण बेणत होत्या. अंगात शर्ट नव्हता, नुसता अर्ध्या बाहीचा ब्लाउज. भाताची पात कशी कापते तुला ठाऊक आहे, आपल्याही हाताला लहानपणी ओरखडे असायचे. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे झालेले मला बांधावरून दिसले. मी करंजाच्या आड उभी राहिले, पुढं जायचा धीर झाला नाही. आईनं त्यांना आमच्या बाबांचा जुना शर्ट नेऊन दिला होता म्हणे. त्या म्हणाल्या, "नगं चंद्राबाई. आता कुनाचाच नगं."

मी मेलेली बरी, असं वाटलं. हे उगीच लिहीत नाही.

रत्ना, मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शर्ट मी ओळखला होता.

न ओळखून जाते कुठं! तुझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. आकाशनं भोरहून रेडिमेड शर्ट आणला आणि घालून बघितला, तर मनगटं वीतभर बाहेर. आधीच तो तसला लांबडा, कुठलीच बाही त्याला पुरायची नाही. तू हसून हसून भिंतीला टेकलीस. तो रुसला, "जावा, म्या न्हाईच येत साखरपुड्याला." मग काकी सुईदोरा घेऊन बसल्या, बाहीला पट्टी जोडायला. पांढऱ्या कापडाचा तुकडा घेतला होता त्यांनी. मी म्हटलं, "काकी, पांढरी नको, हात मोडल्यागत दिसेल. बिस्किट रंगावर गडद हिरवी लावा." तू पळत जाऊन काकींचं जुनं हिरवं लुगडं आणलंस आणि त्याचीच पट्टी फाडली. दुसऱ्या दिवशी तुझ्या सासरच्या पोरांनी आकाशला गाठून विचारलं, शर्ट कुठनं घेतला? त्यानं माझ्याकडे बोट केलं. कॉलर ताठ करून हिंडत होता दिवसभर.

ती माझी पहिली मॅचिंग. नोकरीला लागले तेव्हा मालकिणीनं विचारलं, रंगांतलं कळतं का? तर मी हीच गोष्ट सांगितली होती.

त्यामुळं त्या दिवशी पट्टी दिसली आणि लगेच कळलं. आकाशचा शर्ट! एवढंच मनात आलं असतं तर मोबाईल खाली गेला असता. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंही आलं, की काय खुलून दिसतेय माझी पट्टी. आणि हे दुसरंच जास्त जोरात आलं गं. घरी बसून फोटो कापला तेव्हा चेहरा कापला, पट्टी नाही कापली. हातानंच नीट मध्यावर आणली.

अजून एक आहे. तेही सांगून टाकते, नाहीतर जन्मभर टोचत राहील. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'कफ किती सुंदर! कल्पना कोणाची?' त्याला मी उत्तर दिलं, 'माझी.'

ते तू वाचलंस का? वाचलं असशील तर मला कुठं तोंड लपवू असं झालंय. टाके काकींचे, लुगडं काकींचं, मुलगा त्यांचा. आणि कल्पना माझी म्हणे!

आज सकाळी मी तो फोटो पुसून टाकला. कापलेला तोही आणि पूर्ण होता तोही. पुसलेले फोटो मोबाईलमध्ये काही दिवस पडून राहतात, तिथूनही काढला. आता माझ्याकडे काहीच नाही. तुझ्या मनासारखं झालं असेल, निदान एवढं तरी.

गायत्री


भोर
१२ सप्टेंबर

रत्ना,

पित्रांचा पंधरवडा चालू आहे, नवं कापड कुणी घेत नाही. दुकानात मी आणि माश्या. मालकीण आतल्या खोलीत आडवी झालीय. अशा वेळी काल दारात कोण उभं असावं? फुलाकाकी.

मला आधी वाटलं, भास झाला. काकी आणि भोरला, एकट्या? नसरापूरला एसटी बदलून आल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, चपला दाराबाहेर काढलेल्या. मी म्हटलं, "काकी, चपला राहू द्या की." तर म्हणाल्या, "कापडाचं दुकान हाय बाय." मी स्टूल पुढं केलं, त्या बसल्या नाहीत. मला वाटलं, आता माझ्या कानाखाली बसणार, आणि खरं सांगू, बसली असती तर मोकळी झाले असते.

त्या नुसत्या रिळांकडे आणि ब्लाउजपीसच्या थप्प्यांकडे बघत राहिल्या. "लई रंग हायेत गं. ह्यातला हिरवा कंचा?"

मी दाखवला.

"ह्यो न्हवं. त्येच्यापरीस गडद."

मी आणखी एक काढला, अजून एक काढला. त्या प्रत्येकाला मान हलवत होत्या. मग पिशवी काउंटरवर ठेवली आणि हळूच विचारलं, "त्यो फोटू हाय का तुज्यापाशी?"

मी काढलेले ब्लाउजपीस पुन्हा थप्पीत लावायला घेतले.

"तात्यास्नी दवाखान्याचं सांगून आले," त्या म्हणाल्या. "कापड घरात ठिवू नये, मान्य हाय मला. म्या ठिवलं त्ये चुकलंच. पर कागदाचं कुनी काय सांगितल्यालं न्हाई. कागदात कशाला घुटमळतोय जीव? आकाशचा दुसरा फोटू हाय घरात, पर त्यात त्यो पांडऱ्या सदऱ्यात हाय, शाळंतला. ह्या सदऱ्यातला एकबी न्हाई. तू काडलाईस त्योच."

मी म्हटलं, "काकी, त्यात तर तुम्ही आहात."

"मग मला काप," त्या म्हणाल्या. "मला काप आन् सदरा तेवढा ठिव. पित्रात त्येची तित हाय, तवर देशील?"

रत्ना, मी त्यांना काय सांगायला हवं होतं? की काकी, तुम्हाला मी केव्हाच कापलंय, आणि मग लाज वाटली म्हणून उरलेलंही पुसून टाकलंय? मी 'देते' म्हणाले. तोंड वर करून म्हणाले, "देते की काकी, त्यात काय." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. हातावरचे ओरखडे अजून गेलेले नाहीत, खपल्या धरल्यात.

पिशवीत माझ्यासाठी काकड्या आणल्या होत्या. त्या काउंटरवर काढून ठेवल्या आणि परतीची एसटी गाठायला गेल्या. चपला घालायला वाकल्या तेव्हा मी धावत जाऊन खरं सांगू शकले असते. नाही गेले. आत येऊन त्या काकड्यांकडे बघून रडले. मालकीण उठून आली आणि म्हणाली, "कडू निघाल्या का गं?"

तू फोटो सेव्ह केला होतास का? रागानं का होईना, कुणाला दाखवायला? केला असशील तर पाठव. शिव्या घाल, पण पाठव. पाया पडते तुझ्या.

गायत्री


भोर
२० सप्टेंबर

रत्ना,

तुझ्याकडून काही आलं नाही. मी ज्याला त्याला विचारत सुटले. कॉलेजच्या मैत्रिणी, मावसबहीण, सगळ्यांचं एकच, 'लाइक केला होता गं, ठेवला नव्हता.' लाइक करणारे शेकड्यांनी, ठेवणारं एक नाही. माझंच पेज ते, तक्रार कुणाकडे करू!

शेवटी त्या पुण्याच्या चोरांकडे गेले. ज्यांना लाज काढून चार शब्द सुनावले होते, त्यांनाच लिहिलं, 'दादा, तो फोटो अजून तुमच्याकडे आहे का?' त्यांचं उत्तर, 'तुमच्या तक्रारीवरून काढलाय मॅडम. आता काय झालं? क्रेडिट पाहिजे का?' मी लिहिलं, 'क्रेडिट नको. फोटो द्या.' पोरगं चांगलं निघालं. काही न विचारता पाठवून दिला. न विचारता उचलला होता, तसाच न विचारता परत केला. मी त्याला तीन तीनदा थँक्यू म्हटलं.

फोटोत त्यांचं नाव छापलेलं होतं, खालच्या चिखलावर. इथल्या स्टुडिओतल्या स्वरूपनं ते बसून काढलं. त्याला वाटलं, मोठं काम आलंय. "ताई, चिखल पण साफ करतो की. शर्टावरच्या सुरकुत्या काढू? एकदम नवा करून देतो." मी म्हटलं, हात लावू नकोस बाबा कशाला, आहे तसा राहू दे. आधी मी असल्या गोष्टींवर त्याच्याशी तासभर वाद घातला असता, रंग उठवायला लावले असते. दोन प्रती काढल्या आणि तिथीच्या दिवशी विंझरला गेले. पुढच्या वाटेनं गेले, तुमच्या दारातून.

तात्या ओट्यावर होते. मला बघून त्यांनी मान फिरवली. काकी चुलीपुढून उठून आल्या, हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग फोटो घेऊन उजेडाला गेल्या. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग पट्टीवर बोट ठेवलं. "सरळ आलीया गं. हितं एक टाका सुटला व्हता, म्या पुन्ना घातला व्हता. त्योबी दिसतुया."

मी म्हटलं, "काकी, मला बोलायचंय. मी शर्ट ओळखला होता. तरी टाकला."

"म्हाईत हाय की," काकी म्हणाल्या.

त्यांचं बोट अजून पट्टीवरच होतं.

"तू मोबाईल वर केलास तवाच म्या बगितलं. म्हनलं, हिनं वळखला. हिनंच तर हिरवी सांगितली व्हती. म्हनून हातातलं काम ठिवून उबी ऱ्हायले. दोनी बाह्या दुमडल्याल्या व्हत्या, त्यातली एक सोडली, पट्टी दिसाय पायजे म्हनून. दुसरीबी सोडनार व्हते, तवर तुजं झालं. म्हनलं, पोरगी फोटू काडतीया. आज न्हाई उद्या आनून देईल."

रत्ना, ती सुटलेली बाही. त्याच पोस्टखाली मी त्या बाहीवर आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, की कामाच्या नादात आपोआप सुटलेलं जे असतं त्यातच खरं सौंदर्य असतं. आपोआप! त्यांनी ती माझ्यासाठी सोडली होती. आणि मग लावणी संपेपर्यंत त्या वाट बघत होत्या, की चंद्राबाईची पोरगी फोटो घेऊन येईल. फोटो आला तो तात्यांच्या हातात, टपरीवर.

एवढं बोलणं तात्या ओट्यावरून ऐकत होते. ते आत आले. मला वाटलं, फोटोही नदीला जातो आता. त्यांनी तो हातात घेतला नाही. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, काकींच्या खांद्यावरून वाकून बघितलं. मग म्हणाले, "डब्यात नगं ठिवू. भिताडाला लाव." आणि खिळा शोधायला गेले. खिळा मिळेना तर खिळ्यालाच शिव्या देत होते.

दुसरी प्रत ह्या पत्रात घातलीय. ह्या वेळी काकींना विचारून घातलीय. त्या म्हणाल्या, "रत्नीला धाड. तिनंच लुगडं आनून दिलं व्हतं." मी माझं पेज बंद केलंय. कुणी सांगितलं म्हणून नाही, दुकानाच्या दारात उभी राहून बायकांची नेसणी बघायचं काही सुटणार नाही माझं. पण मोबाईल वर करायला हात उचलत नाही आता.

एक सांगायचं राहिलंय. ते त्यांना नाही सांगता आलं, म्हणून तुला सांगते. निघताना काकी दारापर्यंत आल्या आणि लाजून म्हणाल्या, "वरचं माजं त्वांड कसं आलं व्हतं गं? वंगाळ आलं आसंल, म्हनून कापलंस व्हय?" मी काहीतरी पुटपुटले आणि एसटी चुकेल म्हणून पळत सुटले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तेही खोटं होतं. पूर्ण फोटोत त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. माणूस कॅमेऱ्यात बघत असलं की फोटो ठरवून काढल्यासारखा दिसतो, मजा जाते, म्हणून मी तेवढा तुकडा काढून टाकला. तो पुण्याच्या पोराकडे नाही, स्वरूपकडे नाही, कुणाकडेच नाही. तो फक्त मी बघितलाय, आणि मीच पुसलाय.

आकाश गेल्यापासून मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. हसत होत्या गं.

गायत्री